रस्त्याकडची भिंत

सरांच्या ऑफिसात मी नोकरीला लागले त्याच महिन्यात ऑफिसचं दार हललं. हललं म्हणजे जागेवरून गेलं. शनिवारी संध्याकाळी ज्या दारातून मी बाहेर पडले होते, तिथे सोमवारी सकाळी ओल्या प्लॅस्टरची भिंत होती. गल्ली चुकलो की काय, म्हणून मी डबा सांभाळत रस्त्यावरच मागेपुढे करत राहिले. कोपऱ्यावरचा पानठेलेवाला बघत होता. तो म्हणाला, "ताई, आता इकडून. माह्या बाजूनं."

पानठेल्याला लागून नवं दार बसलं होतं. आत सर उभे होते.

"सकाळचं ऊन तुह्या टेबलावर येत होतं," ते म्हणाले. "तू डोळे बारीक करून ड्रॉइंग काढत होती. मले ते पाहवत नव्हतं."

मी उन्हाबद्दल एक शब्द बोलले नव्हते. टेबल थोडं सरकवलं असतं तरी भागलं असतं. पण टेबल सरकवणं सरांना कधीच पुरत नसे.

मी मूळची पिंपळगाव राजाची. डिप्लोमा झाल्यावर बुलढाण्यात खोली घेऊन राहिले आणि ओळखीतून सरांकडे लागले. सर आर्किटेक्ट. शिकायला नागपूरला गेलेले, तिथेच चांगल्या ऑफिसात असलेले, आणि कुणाला काही न सांगता एक दिवस परत आलेले. परत का आलात, असं मी एकदा विचारलं. "तिथं सगळं झालेलं होतं," एवढंच म्हणाले. बुलढाण्यात कोर्टाच्या आवारात, कलेक्टर ऑफिसात, बसस्टँडवर त्यांना लोक तोडफोडवाले साहेब म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

ते बसत नसत. छातीएवढ्या उंचीवर भिंतीत एक फळी ठोकलेली होती, तिच्यावर उभ्याने चित्र काढत. जेवतानाही भाकरीवर ठेचा घेऊन खोलीभर फिरत. चहाचा ग्लास हाती घेतला की तो कुठे ठेवला जाईल याचा नेम नसे. सायटीवर खिडकीच्या चौकटीत, वाळूच्या ढिगावर, पाण्याच्या टाकीवर त्यांचे अर्धे प्यालेले ग्लास सापडत. शब्बीरभाई मिस्त्री ते गोळा करून टपरीवर नेऊन देई. शब्बीरभाई त्यांच्याबरोबर कित्येक वर्षं होता. सर एखाद्या भिंतीसमोर हात कंबरेवर ठेवून उभे राहिले की तो शांतपणे विचारायचा, "सर, पाडाची का नुसती भेव दाखवाची?"

नव्या घरमालकांना त्यांच्याकडचे पहिले प्रश्न पचत नसत. लोक यायचे ते मोबाईलमध्ये फोटो घेऊन. कुणाला सोनेरी रेलिंग हवं असे, कुणाला दर्शनी बाजूला निळी काच. सर फोटो बघायचे, मान हलवायचे आणि विचारायचे, "घरात भांडण कुठं होते?"

"म्हणजे?"

"म्हणजे नवराबायको बोलतात मोठ्यानं, ते कोण्या खोलीत? आणि मग रुसून जाणारा कुठं जाते?"

एक बँकवाले साहेब रागाने उठून गेले होते. त्यांची बायको मात्र दारात थांबली, सरांकडे वळली आणि हळूच म्हणाली, "जिन्याखाली." तिला जिन्याखाली एक छोटी खिडकी आणि बसायला दगडी ओटा मिळाला. साहेबांना सोनेरी रेलिंगही मिळालं. सर रेलिंगसाठी कधी वाद घालत नसत.

सरांबरोबर कुणाच्या घरी जायचं तर मला धडकी भरे. एका वकिलांचे वडील वारले, तेव्हा आम्ही भेटायला गेलो. बैठकीत सगळे खाली माना घालून बसलेले. वकिलांची आई एका खुर्चीत, समोर म्हाताऱ्यांचा रिकामा पलंग. कुणीतरी आजाराचं विचारत होतं, कुणी कोणत्या दवाखान्यात होते ते विचारत होतं. सर दाराशी उभे होते, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांचा हात चौकटीवर चालतोय. मी मनात म्हटलं, आता नको. तोवर ते पुढे गेले होते. म्हाताऱ्या बाईंना म्हणाले, "मावशी, उठा जरा," आणि त्या उठल्यावर त्यांची खुर्ची अंगणाच्या बाजूला वळवून ठेवली. बाई बसल्या. समोर वाळत घातलेली मिरची होती, चिमण्या होत्या, नातवाची सायकल पडली होती. परतताना मी म्हटलं, "सर, असं चालत नाही." ते म्हणाले, "त्या पलंगाकडे पाहत बसवलं होतं तिले. कोणाले दिसत कसं नाही?"

हे वाक्य त्यांच्या तोंडी सारखं असे. कोणाले दिसत कसं नाही.

त्यांचं स्वतःचं घर गावाबाहेर, घाट उतरून मोताळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. त्या घरात आलेल्या माणसाने आधी सावध व्हायला हवं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा स्वयंपाकघर उजवीकडे होतं. दिवाळीनंतर गेले तर तिथे पुस्तकं होती आणि फोडणीचा वास मागच्या बाजूने येत होता. जिना एकदा बाहेरून आत आला. एका खोलीला वर्षभर फरशी नव्हती, कारण तिथली जमीन वितभर खाली न्यावी की काय, याचा सरांचा विचार चालू होता. काकू, म्हणजे सरांची बायको, पोस्टात काउंटरवर होत्या. बारीक अंगाच्या, बोलताना ओठाच्या एका कोपऱ्यात हसणाऱ्या. त्या मला म्हणाल्या, "पोरी, मी सकाळी उठते, अन् आधी पाहते का संडास कुठं गेला."

"तुम्ही बोलत नाही का त्यांना काही?"

"बोलून पाह्यलं. मग ते बोलणं ऐकता ऐकता भितीवर टकटक करत राह्यतात."

त्या घराची एक बाजू तेवढी कधी हलली नाही. रस्त्याकडची. तिथे सरांनी काळ्या दगडाची अख्खी भिंत घातली होती, एकही खिडकी न ठेवता. घाटात चढणारे ट्रक, कापसाच्या गाड्या, धूळ, हॉर्न, सगळं त्या भिंतीने बाहेर अडवलं होतं. आत मधोमध चौक, चौकात कडुनिंब, आणि सगळ्या खोल्या त्या चौकाकडे तोंड करून. आत पाऊल टाकलं की रस्ता आहे हे विसरायला व्हायचं. पुण्याहून एका मासिकाची माणसं येऊन त्या भिंतीचे फोटो काढून गेली होती. ऊन तिरपं पडलेलं, दगडांच्या सावल्या. सरांनी ते मासिक कुणाला दाखवलं नाही, पण ते कपाटात कुठे आहे हे त्यांना नेमकं माहीत असे, आणि त्या घरात कुठलीही वस्तू कुठे आहे हे माहीत असणं ही साधी गोष्ट नव्हती.

मधल्या काळात मोताळा तालुक्यातल्या एका गावातलं सभागृहाचं काम आलं. जुनं बांधकाम, वर पत्रे, काळ्या मातीमुळे भिंतींना हात जाईल एवढ्या भेगा. सरपंचांना समोर कमान हवी होती. सर महिनाभर ये-जा करत राहिले. सकाळी, भर दुपारी, बाजाराच्या दिवशी. हॉलचं दार पश्चिमेला, रस्त्यावर. दुपारनंतर तिथे उभं राहवत नसे. लग्नाला आलेली माणसं जेवायची वेळ होईपर्यंत मागच्या बाजूला सावलीत जाऊन बसायची. सरांनी ते हेरलं आणि हॉलच फिरवला. पश्चिमेचं दार बंद करून तिथे उंचावर झरोके ठेवले, आणि मागे, पूर्वेला, रुंद दार आणि लांबलचक पायऱ्या काढल्या.

सरपंच आधी बिथरले. "साहेब, गावाकडे पाठ करून राह्यले तुम्ही."

"लोकं बसतात तिकडं तोंड केलं," सर म्हणाले. "जाऊन पाहा कुठं बसतात."

पहिल्याच लग्नात सगळं सुरळीत झालं. पायऱ्यांवर बायका ऐसपैस बसल्या, आत वारा खेळला, सरपंचांनी सरांना फेटा बांधला. परत येताना घाटात सर गाडी चालवत गुणगुणत होते. मी त्यांना गुणगुणताना फार कमी वेळा पाहिलं.

काही दिवसांनी एक बाई एसटीने बुलढाण्याला आल्या आणि विचारत विचारत ऑफिसात पोचल्या. गाद्या-रजया भरणाऱ्या होत्या. गावात त्यांना सगळे चाची म्हणत. हॉलच्या पूर्वेला त्यांचं घर, घरापुढे अंगण, त्या अंगणात त्या कापूस पसरायच्या. सरांनी त्यांना बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत.

"साहेब, तुम्ही हॉलच्या मागून दार काढलं म्हणतात," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी ते मागं आहे. माह्या घराचं ते पुढं होतं. आता साऱ्या गावच्या चपला माह्या अंगणात. हात धुतात ते पाणी माह्या कापसात. माह्या सुना दारात येऊ शकत नाहीत, पोट्टे मोबाईल घेऊन उभे राह्यतात."

मी पाणी आणलं, ते चाचींनी घेतलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही महिनाभर येऊन पाहत होते. मी तुमाले पाहत होती. मले वाटे, हे एखाद्या दिवशी इकडं पाहतीन."

त्याच दुपारी आम्ही गावाला गेलो. सर चाचींच्या अंगणात खाली बसले, मांडी घालून, कापसाच्या गठ्ठ्याला टेकून. शब्बीरभाईने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनीही सरांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. ते बराच वेळ हॉलकडे पाहत राहिले, जे पायऱ्यांवरून त्यांना कधी दिसलं नव्हतं ते. शेवटी म्हणाले, "मधात भित घालून देऊ का?"

"भित नोका घालू," चाची म्हणाल्या. "हवा बंद होईन माही."

मग पुन्हा तोडफोड झाली. दार उत्तरेच्या कोपऱ्यात सरकलं, पायऱ्या वळल्या, हात धुवायची जागा पार दुसऱ्या टोकाला गेली, आणि अंगणाच्या कडेला विटांची जाळी उभी राहिली, वारा जाईल आणि नजर जाणार नाही अशी. गावात चेष्टा झाली. हॉलचं दार गरगर फिरते म्हणून लोक हसले. सरांना त्याचं काही वाटलं नाही. पण त्या परतीच्या प्रवासात ते गुणगुणले नाहीत. राजूर घाटाच्या एका वळणावर त्यांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, "मी त्याले मागची बाजू म्हणत होतो." मी काही म्हणायच्या आत गाडी पुन्हा सुरू झाली होती.

त्यानंतर त्यांची अस्वस्थता वाढली. झालेली कामं ते पुन्हा पाहायला जाऊ लागले. लोकांच्या बंद दारांसमोर उभे राहायचे, शेजाऱ्यांना विचारायचे, या घरामुळे तुमचं काही अडलं का. माझंही तसंच होऊ लागलं होतं. सुट्टीत घरी गेले की आईचं स्वयंपाकघर मला टोचायचं, ओट्याची उंची, दाराआड लपलेली खिडकी. आई म्हणायची, "तू आली म्हणजे बस तं खरी. पोलिसावानी काय पाहत राह्यती?"

आम्ही दोघं जिल्हाभर अशी नजर लावून फिरत होतो, आणि सरांच्या घरात काकूंच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं.

ते पहिलं नव्हतं. आधी गुडघा फुटला होता, त्याआधी मनगट मुरगळलं होतं. प्रत्येक वेळी काकू हसायच्या आणि घराकडे बोट दाखवायच्या. त्यांच्या घरात कोण धडकत नव्हतं? मी स्वतः एकदा नव्या खांबावर आपटले होते. पोस्टात कुणीतरी म्हणालं की मॅडम हल्ली बाजूने दिलेला कागद घेत नाहीत, समोर धरावा लागतो. तेही हसण्यावारी गेलं. मग एका सकाळी काकू त्या पूर्वी फरशी नसलेल्या खोलीत पडल्या. त्या खोलीला तेव्हा फरशी बसून बरेच दिवस झाले होते. जमीन सारखी होती. त्या अडखळल्या त्या मध्ये ठेवलेल्या स्टुलाला, आणि ते स्टूल पांढरंशुभ्र, उजेडात, समोर होतं. सरांनी ते पाहिलं.

संभाजीनगरच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मी बरोबर होते. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, पुढे गेलेला. कडेकडून नजर खात खात आत येतो, दुखत नाही, खुपत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. गेली ती नजर येणार नाही, उरलेली जपून पाहू. सर खोलीत फेऱ्या मारत होते. डॉक्टरांनी त्यांना बसायला सांगितलं, त्यांना ऐकू गेलं नाही.

"हे कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"काही वर्षं तरी. यांना जाणवलं असेल. दाराला, कपाटाला लागत असेल."

काकू म्हणाल्या, "लागे. मले वाटे, घरच हललं असन."

त्यांनी ते दोष म्हणून म्हटलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, त्यांनी जे होतं ते सांगितलं. सर फिरायचे थांबले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भिंतीवर डोळ्याचं मोठं रंगीत चित्र होतं. गाडीत मागच्या सीटवर बसताना त्यांनी काकूंच्या डोक्यावर हात ठेवला, दाराची चौकट लागू नये म्हणून, आणि तो हात चिखली मागे पडेपर्यंत तिथेच होता.

उरलेली नजर जपता आली नाही. औषधं झाली, एक ऑपरेशन झालं, आणि पुढच्या काही वर्षांत काकूंना फक्त उजेड आणि अंधार यांतला फरक कळायला लागला. त्यांनी नोकरी सोडली.

आणि घर थांबलं. शब्बीरभाईला सरांनी सांगून टाकलं की घरी यायचं नाही, आलास तर हातात थापी नको. प्रत्येक वस्तूची जागा ठरली. मी भेटायला गेले आणि खुर्ची ओढायला गेले तर ती हलेना. सरांनी खुर्च्या फरशीला स्क्रूने बसवल्या होत्या. टीपॉय, कपाट, पलंग, पाण्याच्या माठाची तिवई, सगळं जमिनीला जखडलेलं. भिंतीच्या कडेने हाताला लागेल असा लाकडी दांडा खोल्याखोल्यांतून फिरवला होता. पाहुण्यांवर पहारा असे. "ती पिशवी मधात ठेवू नोका. चप्पल कोपऱ्यात. ग्लास जिथून घेतला तिथंच." पूर्वी घरभर ग्लास विसरणारा माणूस आता ओल्या ग्लासाचं वर्तुळ पाहून ग्लास परत त्याच वर्तुळावर ठेवत होता. स्वतः मात्र पहिल्यापेक्षा जास्त फिरायचे. चौकात कडुनिंबाभोवती फेऱ्या घालायचे, चपला काढून, आवाज न करता.

तोवर मी खामगावला स्वतःचं छोटं ऑफिस सुरू केलं होतं. बुलढाण्याला काम निघालं की काकूंकडे जायचे. एकदा सर बाहेर होते. काकू दांड्याला धरून न अडखळता स्वयंपाकघरात गेल्या, चहा केला, कप माझ्या हातात दिला. मी कौतुक केलं.

"पाठ झालं घर," त्या म्हणाल्या. "सारं पाठ झालं. आता काय करू?"

मी चहाचा घोट घेतला.

"पोस्टात कसं होतं, माणूस बोलला का मी ओळखत जाय. डोळे अधू झाले होते तरी आवाजावरून चालून जाय. हा पेन्शनवाला मास्तर, ही मनीऑर्डरवाली. इथं बसली का एक आवाज येत नाही. पाखरं येतात निंबावर. पाखरायसंग किती बोलू?" त्या थांबल्या. मग त्यांनी मान वळवली, नेमकी रस्त्याच्या दिशेला. "तिकडून लोकं जातात ना अजून?"

"जातात काकू. भरपूर."

"मले तिथं खिडकी पाह्यजे."

सर आल्यावर त्यांनी ते पुन्हा, माझ्यासमोर सांगितलं. सरांना वाटलं, त्या गंमत करताहेत.

"धूळ येईन," ते म्हणाले.

"येऊ द्या."

"ट्रक जातात दिवसभर. हॉर्न वाजतात. तुले डोकं धरून बसा लागन."

"वाजू द्या. आवाजच तं पाह्यजे मले."

"अन् आता काही बदलायचं नाही म्हटलं आहे ना? तुह्या हाताले सगळं बसलं आहे. पुन्हा कुठं लागलं, पडली..." ते चौकात निघाले.

काकूंनी आवाज चढवला नाही. "तुमच्या भितीचे फोटो काढाले पुण्याहून माणसं आली," त्या म्हणाल्या. "मले पाहाले समोरच्या घरचं कोणी येत नाही. दार कुठं आहे तेच समजत नाही त्यायले."

सर कडुनिंबापाशी उभे राहिले. मी माझी बॅग उचलली, जिथून घेतली होती तिथे काही राहिलं नाही ना ते पाहिलं, आणि निघाले.

नंतर काय झालं ते शब्बीरभाईने सांगितलं. सर हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. रोज भिंतीसमोर उभे राहायचे आणि निघून जायचे. काकूंनी दोन आठवडे वाट पाहिली आणि शब्बीरभाईला स्वतः फोन केला. तो दारात आला, थापी न घेता, हातोडा घेऊन. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नेहमीचं काही विचारलं नाही. म्हणाला, "सर, मॅडमनं बोलावलं."

सर आत गेले, खडू घेऊन आले आणि काकूंना भिंतीजवळ आणलं. "कुठं, ते तू सांग," म्हणाले. काकू म्हणाल्या, मले खुर्ची द्या. पण खुर्च्या जमिनीला जखडलेल्या. तेव्हा सरांनी स्वतः खाली बसून एका खुर्चीचे स्क्रू काढले. शब्बीरभाई म्हणाला की पेचकस त्यांच्या हातातून सारखा निसटत होता आणि त्याने पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला. खुर्ची भिंतीशी आली. काकू बसल्या, कोपर जिथे आरामात टेकेल तिथे त्यांनी दगडावर हात ठेवला, आणि सरांनी त्या हाताखाली रेघ मारली.

दगडी भिंत एकदम फोडता येत नाही. आधी वर वजन पेलणारा आडवा लिंटेल बसवायचा, तो पक्का होऊ द्यायचा, मग खालचे दगड काढायचे. तेवढे दिवस सरांना जेवण गेलं नाही. मला फोन करून विचारायचे, घाटातली धूळ किती लांबवर जाते, बाहेरून झडप असावी की आतून, ती तिथे बसली आणि कुणी हात घालून गळ्यातलं ओढलं तर. मी म्हणायचे, ग्रील लावू. ते म्हणायचे, ग्रीलमधून माणूस कैद्यासारखा दिसते. शेवटी त्यांनी ग्रील लावलं, पण बाहेरच्या बाजूला पोट काढलेलं, हात टेकायला जागा राहील असं, आणि बाहेर रस्त्याच्या अंगाला एक रुंद दगडी कट्टा, कुणी थांबलं तर टेकायला.

आज त्या खिडकीशी सकाळपासून कुणी ना कुणी असतं. मुलींची खाती कशी काढायची, पार्सल परत का आलं, हे विचारायला लोक पोस्टात जायच्या आधी काकूंकडे थांबतात. चाचीसुद्धा एकदा दवाखान्यात आल्या होत्या तेव्हा येऊन बसून गेल्या आणि एक उशी देऊन गेल्या. दगडांवर धुळीचा थर असतो. सर तो दिवसातून कितीदा तरी पुसतात.

दगड काढले त्या सकाळी मी मुद्दाम गेले होते. शेवटचा मोठा दगड शब्बीरभाईने बाहेर लोटला आणि रस्ता एकदम घरात आला. एक ट्रक गिअर बदलत चढत होता. त्याचा आवाज भरून राहिला, मग धूळ आली, काकू खोकल्या आणि खोकता खोकता हसायला लागल्या. सर पाण्याचा ग्लास घेऊन धावले. तेवढ्यात डोक्यावर कोथिंबीर-भाजीची पाटी घेतलेली एक बाई बाहेर थबकली. भोकातून आत वाकून पाहिलं.

"मॅडम? पोस्टातल्या मॅडम ना तुम्ही? इथं राह्यता?"

"हाव. कोण, सांभारवाली का? तुमचं आरडीचं पुस्तक सापडलं का मग?"

"सापडलं नं. कणगीत होतं. बाप्पा, मी एवढी वर्सं इथून जाऊन राह्यली, मले वाटे हे कोणाचं गोडाऊन आहे."

मी सरांकडे पाहिलं. ज्या भिंतीचे फोटो छापून आले होते तिला आजवर कुणी त्यांच्यासमोर गोडाऊन म्हटलं नसावं. त्यांचा चेहरा हलला, ओठ काहीतरी म्हणायला उघडले. मग त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि ते बाहेर गेले. लांबून फिरून, दारातून, रस्त्यावर. भाजीवाली पुढे निघून गेली होती. सर तिच्या जागी, बाहेरून, खिडकीसमोर येऊन उभे राहिले. आतून स्वतःची भिंत त्यांना पाठ होती. इथून आपली बायको खिडकीत बसलेली ते पहिल्यांदाच बघत होते. पांढरे झालेले केस, केसांवर दगडाची भुकटी, हात खिडकीच्या नव्या कडेवर टेकलेला. त्यांनी पायही वाजू दिला नाही.

काकूंनी मान थोडी वर केली.

"कोण आहे?" त्या म्हणाल्या. "बाजूले व्हा जरा. उजेड येऊन राह्यला होता."

सर बाजूला झाले.